एलियाहू नबीचा रंग

अंबरनाथच्या कारखान्यात फिटर असलेल्या एझ्रा पेझारकरांना एका विषयावर छेडलं, की जेवणाची सुट्टी कधी संपली ते कळत नसे. त्यांचं म्हणणं, आमचे पूर्वज गोरेपान होते. फार पूर्वी इस्रायली, म्हणजे ज्यू लोकांचं गलबत नौगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिली. इथवर सगळे माना डोलवायचे.

"मग तुम्ही आमच्याहून काळे कसे हो?" शेजारच्या मशीनवरचा चिंतामणी विचारायचा.

"उन्हानं."

शेकडो वर्षांचं ऊन ते एका शब्दात गुंडाळत. चिंतामणीनं कुठंसं वाचलं होतं, की ते जुने लोक गव्हाळ असावेत; कुणी म्हणे काळेच. एझ्रांना हे पटणं शक्यच नव्हतं. बदलापुरात, मांजर्लीच्या त्यांच्या घरात वडिलांच्या वेळची एलियाहू नबीची, म्हणजे रथातून स्वर्गात गेलेल्या प्रेषिताची, तसबीर होती आणि त्यातला नबी दुधासारखा गोरा होता. आता याहून मोठा पुरावा कुठून आणायचा?

वादापुरतं हे खपून गेलं असतं. पण १९८९ साली त्यांच्या मुलीनं, मिरियमनं, दानिएल रोहेकरशी लग्न करायचं म्हटलं. मुलगा त्यांच्याच समाजातला, काडेपेटीच्या कारखान्यात कायम झालेला, निर्व्यसनी. पण रंगानं चांगलाच काळा. एझ्रांनी नाक मुरडलं.

"उद्या इस्रायलला गेलात, तर याला बघून कुणी आपल्यातला म्हणेल का?"

मिरियम भांडली नाही. बापाशी बोलणं मात्र तिनं बंद केलं आणि ते एझ्रांना फार लागलं.

तिला चांगलं स्थळ मिळावं म्हणून त्यांनी एलियाहूच्या नावानं मलिदा करायचं ठरवलं. गूळखोबऱ्याचे पोहे, फळं, प्रार्थना, आणि भिंतीवर नबी हवाच. पण त्या पावसाळ्यात घरात नदीचं पाणी शिरलं होतं आणि जुन्या तसबिरीचा लगदा झाला होता. पाट्या रंगवणाऱ्या दिनानाथला त्यांनी नवी करायला सांगितली. रथ, घोडे, दाढी, झगा, सगळं बजावून सांगितलं.

"आणि चेहरा?" दिनानाथनं विचारलं.

"आमच्या माणसाचा वाटला पाहिजे."

गोरा काढ, असं सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यात सांगायचं काय?

मलिद्याच्या दिवशी पाहुणे जमल्यावर दिनानाथ तसबीर घेऊन उगवला. रथात पांढऱ्या दाढीचा, काळा कुळकुळीत नबी उभा होता. नाक थेट एझ्रांचं.

"हे काय करून ठेवलंस?"

"तुमच्या माणसांपैकी मी तुम्हालाच पाहिलंय, काका."

पाहुण्यांत हशा पिकला. एझ्रांचं तोंड उतरलं. मिरियम पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली, तसबिरीकडे बघत राहिली, आणि कित्येक महिन्यांनी बापाशी बोलली.

"बाबा, यांच्यासमोरच ठेवायचं ना?"

एझ्रा पुढे आले. मग त्यांनी स्वतःच तसबीर उचलून खिळ्याला अडकवली.

"ठेव," ते म्हणाले. "आणि दानिएलला निरोप धाड. म्हणावं, प्रार्थनेला ये, टोपी घालून."