मास्तरांचा खोटा कागद

आमच्या बाजारातल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळा त्यांनी किती केली ते त्यांनाच ठाऊक. माझ्यापेक्षा जास्त नक्की, पण त्यात काय मोठंसं, माझ्यापेक्षा कमी शिकायचं म्हणजे जन्मालाच यायला नको. मी त्यांच्या दुकानात काज-बटणं करते. हात अजून चालतो, डोळ्यांचं विचारू नका.

गिऱ्हाईक दारातून आत आलं की मास्तर बघताक्षणी त्याचं माप सांगतात, आणि तरी टेप लावतात. एकदा लावून भागत नाही, पुन्हा लावतात. "डोळा खोटं बोलतो, आजी," मला म्हणतात. असा हा माणूस एकदा फोनवरच्या निरोपाला फसला. मीठ संपणार, कुठेच मिळणार नाही, असा निरोप आला आणि मास्तरांनी पोत्याने मीठ आणून कापडाच्या ठाणांखाली रचलं. मीठ काही संपलं नाही. पुढे कितीतरी दिवस सदरा शिवायला टाकणाऱ्याला मिठाची पुडी फुकट मिळायची. लोक हसले, मास्तरही हसले, पण आतून त्यांना लागलं होतं. "मी तेव्हा टेप का नाही लावली?" असं मशीन चालवता चालवता पुटपुटायचे.

त्यातूनच दुकानातलं वाचन सुरू झालं. आठवड्यातून एक संध्याकाळ मशिनी बाजूला सारायच्या आणि कापायच्या टेबलाभोवती बसायचं. ग्रंथालयातल्या बाई जाड जाड पुस्तकं आणून वाचून दाखवायच्या. लोकांचं राज्य हळूहळू एकाच माणसाच्या मुठीत कसं जातं, खोटी बातमी कशी पेरतात, असं काय काय. बाई वाचतात सुरेख. मला निम्मं कळायचं, आणि त्यातलं निम्मं घरी जाईपर्यंत वाटेत सांडायचं.

मास्तरांनी त्यात एक खेळ काढला. दर वेळी एकाने मुद्दाम खोटी बातमी लिहायची आणि बाकीच्यांनी ती कुठून उसवते ते शोधायचं. कागद खोटा आहे याचा विसर पडू नये म्हणून त्याच्या कडेला लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालायचा. पक्की शिलाई मारण्याआधी शिंपी तात्पुरता घालतात ना, तोच. मग कागद भिंतीवर लावायचा.

त्या सुमारास बाजाराच्या अध्यक्षाची निवड आली. निवड कसली, दर वर्षी तेच गृहस्थ उभे राहायचे, आम्ही टाळ्या वाजवायच्या आणि चहा पिऊन उठायचं. यंदा मात्र मास्तरांची मेहुणी उभी राहिली. ती कुलपं दुरुस्त करते, किल्ल्या बनवते, म्हणून सगळ्यांची किल्लीवाली. मास्तरांची बायको गेल्यापासून ही तिची धाकटी बहीणच त्यांचं हवं-नको बघते, आणि त्याच्या बदल्यात त्यांना येता-जाता टोमणे मारते.

"भाऊजी, या वेळचा खोटा कागद माझ्यावर लिहा," ती म्हणाली. "अध्यक्षांची माणसं उद्या लिहिणारच आहेत. आधी घरच्याकडून सवय होऊ दे."

मास्तरांनी लिहिलं, ते अगदी मन लावून. किल्लीवाली निवडून आली की बाजारामागची पत्र्याची शेड गोदामवाल्या कंपनीला देऊन टाकणार, बोलणीसुद्धा झाली. त्या शेडमध्ये सगळ्यांच्या हातगाड्या असतात. आम्ही पोट धरधरून हसलो. चपलावाल्याने तर कागदाचा फोटो काढून गंमत म्हणून आपल्या भावाला पाठवला. अक्षर नीट दिसावं म्हणून बिचाऱ्याने फोन जवळ नेला. कागदाची कड फोटोबाहेर राहिली, आणि तिच्याबरोबर लाल टाकाही.

आठवडा उलटायच्या आत तो फोटो बाजारभर फिरला. मास्तर हातातलं काम टाकून गाळ्यागाळ्याला जाऊन सांगू लागले. मी सोबत होते.

"हे मी लिहिलंय," ते फळवालीला म्हणाले. "माझंच अक्षर आहे."

"मग तर खरंच असणार," फळवाली म्हणाली. "घरच्या माणसाला आतली बातमी असतेच."

"अहो बाई, खोटं आहे ते!"

"आता तुम्हाला असंच म्हणावं लागणार. शेवटी मेहुणी ना ती तुमची. आम्हाला कळतं हो." असं म्हणून तिने त्यांच्या हातावर एक केळं ठेवलं, आजाऱ्याला देतात तसं.

मास्तर जितकं नाही म्हणत, तितकी बातमी बाळसं धरायची. आता तिच्यात एक पांढरी मोटार आली. मोटारीतून एक चष्मेवाला उतरला आणि शेडची मोजणी करून गेला म्हणे.

"आजी, मी मोटार लिहिली होती का?" मास्तरांनी मला विचारलं.

"नाही."

"चष्मा?"

"नाही हो."

"मग ही मोटार आली कुठून?"

मी काय सांगणार? म्हटलं, रस्त्यावरून आली असेल.

त्यांना काही हसू आलं नाही. दोनदा टेप लावणारा माणूस तो, गप्प कसा बसेल? गेले थेट मेहुणीच्या गाळ्यावर. ती कानशीने किल्ली घासत होती.

"अगं, शेडचं विचारायला खरंच कोणी आलं होतं का?"

"कागद तुम्ही लिहिलात, आणि विचारता मला?"

"तरी पण."

"आला होता एक जण. शेड भाड्याने मिळेल का म्हणाला. मी म्हटलं, अध्यक्षांना विचारा. गेला."

"मोटारीने आला होता?"

"मी कशाला बघू कशाने आला ते?"

"चष्मा होता?"

तिने कानस खाली ठेवली. "भाऊजी, तुम्ही माझं माप घेताय का?"

मास्तर खाली मान घालून परतले. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. कागद खोटा, माणूस खरा, मोटार कोणाची ते देव जाणे. आता ह्या सगळ्याला खरं म्हणायचं की खोटं? ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, असंच होतं, पुस्तकात अगदी हेच लिहिलंय. पुस्तकात असेलही, पण माझा गुंता होता तिथेच राहिला.

सभा शेडमध्येच भरली. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "या मतदानापायी घराघरांत वाकडं येतंय. ते नकोच. यंदाही नेहमीसारखं करू या."

तेव्हा मास्तर उठले आणि त्यांनी सगळं सांगितलं. खेळ कसा, कागद कसा, फोटो कसा. तिथे थांबायला हवं होतं. पण पुढेही बोलले. "मग मलाच शंका आली. मी तिला विचारलं. एक माणूस आला होता, असं ती म्हणाली. मोटारीचं मला ठाऊक नाही." ग्रंथालयातल्या बाईंनी कपाळाला हात लावला. किल्लीवाली समोरच्या पत्र्याकडे बघत राहिली.

"पाहिलंत?" अध्यक्ष म्हणाले. "लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही खरं काय ते! मग तुम्ही कशाला डोकं शिणवता? ती काळजी माझ्यावर सोडा."

लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. एवढा गुंता कोणीतरी आपणहून मांडीवर घेतोय, तर घेऊ दे की. आणि हेच तर बाई वाचून दाखवायच्या, हे लक्षात आलं तेव्हा मी दचकलेच.

वाचवलं कोणी, तर फळवालीने. ती उभी राहून ओरडली, "म्हणजे मत द्यायचंच नाही? मग हिला पाडायचं कसं? मी त्याचसाठी सकाळपासून गाडी बंद ठेवून बसलेय!"

हशा पिकला. मग दुसरा उठला, तिसरा उठला, मत द्यायचंच म्हणाले. बिस्किटांचा डबा आणला. त्याला किल्लीवालीचं कुलूप नको, असं अध्यक्षांच्या माणसांनी म्हटल्यावर तो मास्तरांच्या दुकानातल्या नाडीने बांधला. चिठ्ठ्या मोजून होईपर्यंत अध्यक्ष घाम पुसत होते. इतक्या वर्षांत त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं.

किल्लीवाली पडली. थोडक्यात, पण पडली. आपण हरलो की जिंकलो, तेही मला धड कळेना.

घरी जाताना आम्ही तिघंच होतो. किल्लीवालीने विचारलं, "भाऊजी, मत कोणाला दिलंत?"

मास्तर, एकच शब्द बोला आणि गप्प बसा, असं मी मनात म्हटलं.

"तुलाच," मास्तर म्हणाले. दोन पावलं गेली. "पण चिठ्ठी लिहिताना हात अडखळला. ती मोटार आठवली."

किल्लीवाली थांबली. "मोटार."

"तुला खोटं कसं सांगू?"

"एवढं खरं तरी कोणी मागितलं होतं?" ती म्हणाली आणि आपल्या गल्लीत वळली.

मास्तर कोपऱ्यावर उभेच राहिले. "आजी, चुकलं का माझं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर नाही म्हणावंसं वाटलं. घर आलं तरी माझं तोंड तसंच उघडं होतं.