पांढऱ्या ज्वारीचा निळा रंग

आमच्या हिला धान्य संशोधन केंद्रात सगळे ‘पुन्हाताई’ म्हणतात. कुठलाही आकडा आला की ही म्हणणार, “पुन्हा करून बघू.” घरी भाजीतल्या मिठाचंही तेच. मी त्याच केंद्रात बियाण्यांचं कोठार सांभाळतो, त्यामुळे सुटका कुठेच नाही.

हिचं काम दाण्यातली फेनॉलं मोजण्याचं. दाण्याला तुरटपणा देणारी, कीड-बुरशी लांब ठेवणारी ही द्रव्यं. पीठ भिजवायचं, गाळायचं, त्या पाण्यात एक रसायन घालायचं; ते जितकं निळं होईल तितकी फेनॉलं जास्त. तांबड्या ज्वारीत ती भरपूर, पांढरीत बेताचीच.

हिच्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या मेव्हण्यांनी, नेमका पांढऱ्या ज्वारीत ती वाढवायचा ध्यास घेतला होता. याच केंद्रातली त्यांची अर्धी नोकरी त्यात गेली. आता निवृत्ती तोंडावर आली होती, आणि या खेपेला आकडा आला नाही तर त्यांचा वाण चाचणीतून कायमचा बाद होणार होता.

आकडा आला! नळीतलं पाणी निळंशार. मेव्हणे इतके हरखले की त्यांनी मला चक्क मिठी मारली. लग्नातही मारली नव्हती.

“पुन्हा करू,” ही म्हणाली, आणि चक्की उघडून बसली. पात्यामागे तांबडं पीठ अडकलेलं. आमच्याकडे एक वाण दळून झाला की मूठभर तांदूळ दळून फेकतात, चक्की साफ व्हावी म्हणून. त्या दिवशी मेव्हण्यांनी उतावळेपणाने स्वतःच दळलं होतं, तांबड्या ज्वारीच्या पाठोपाठ, तांदूळ न घालता.

“दादा, हा निळा रंग तुझ्या दाण्याचा नाही.”

“एकदा तरी नुसतं हो म्हण ना गं!” ते ओरडले आणि तरातरा निघून गेले. ही ओट्याशी उभी राहून रडली. मला मेव्हण्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा हिचाही.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून आले आणि हिला म्हणाले, “मूठभर तांदूळ दे.” चक्की पुसली, तांदूळ दळून फेकले, मग आपली ज्वारी दळली. हिने मोजलं. नळीत जेमतेम निळसर झाक.

मेव्हण्यांनी नळी उजेडाकडे धरून फिरवून बघितली. मग अगदी हळू म्हणाले, “पुन्हा करून बघायचं का?”

ही स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.

“नको, दादा. हे बरोबर आलंय.”