जॉबर सुट्टीवर

दिनूकाका गेला तेव्हा मी खंडव्यात मौत के कुएँवाल्यांच्या मोटरसायकली पुसत होतो.

आज पाच वर्षं झाली. रडू तेव्हाही आलं नाही, आजही नाही. सकाळपासून नुसता बसलोय.

दिनूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आईबाबा गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. लग्न केलं नाही. इंदूरच्या एका कपडा मिलमध्ये जॉबर होता, म्हणजे लूमवाल्यांचा म्होरक्या. कुठला लूम आधी थांबवायचा, कुणाला कुठे पळवायचं, सगळं डोक्यात.

मग मिल बंद झाली. गेटला कुलूप.

झांकी मात्र बंद झाली नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या झांक्या निघतात. ट्रॉलीवर हलणारे पुतळे, लाइटिंग. मिल गेल्या, तरी कामगार चंदा करून काढतातच.

आमचे पुतळे काका हलवायचा. एक मोटर, एक लांब दांडा, दांड्यावर लाकडी चकत्या, चकत्यांना दोऱ्या. कुठली चकती कधी दोरी ओढणार, हे कागदावर कधीच नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात काकाला स्ट्रोक आला. छोटासा.

आठवड्यात चालत घरी. हात ठीक, पाय ठीक, बोलणं ठीक. बड़ा गणपतिच्या देवळापाशी सगळे म्हणाले, "बच गए भिया!"

मग एका सकाळी तो गॅसपाशी उभा दिसला. हातात चहापत्तीचा डबा, पातेल्यातलं पाणी आटलेलं.

"काका, काय करतोयस?"

"चहा."

"मग टाक ना पत्ती."

टाकली. लगेच.

डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. "हा थॅलॅमस. मेंदूच्या मधोमध. लोक याला जंक्शन म्हणतात, पण हा नुसत्या गाड्या पास करत नाही. विचार करणाऱ्या पुढच्या भागाशी याचं सतत बोलणं चालू असतं. आधी काय, नंतर काय, सुरू कधी करायचं. ते बोलणं तुटलंय."

काका म्हणाला, "म्हणजे लूम सगळे चालू आहेत, डॉक्टरसाहेब. जॉबर सुट्टीवर."

डॉक्टर हसले. मी पण. काका नाही हसला.

त्या वर्षी झांकीत गोवर्धन होता. काकाने एकेक पुतळा असा बसवला की बघत राहावं. दुपारी मिलच्या बंद गेटबाहेर ट्रायल. मोटर चालू केली.

कृष्णाने डोंगर उचलला. खाली ठेवला.

मग पाऊस सुरू झाला. मग गाई पळत आल्या.

कोणीतरी ओरडलं, "लो भिया, भगवान तो पहले ही ड्यूटी करके निकल लिए!"

सगळे हसले. काकाही हसला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुड्ड्या, काय चुकलं रे?"

म्हटलं, गोष्ट सांग. त्याने सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बरोबर. आणि परत चकत्यांकडे बघत राहिला.

कमिटीचे बाबूलालजी मला बाजूला घेऊन गेले. "बेटा, सच बता. इनसे होगा? नहीं तो डेकोरेटर को दे दें."

मिल गेली होती. काकाकडे आता एवढंच होतं.

मी म्हणालो, "होगा."

पुढचा आठवडा मी त्याच्याशेजारी बसून एकच शब्द बोललो.

"मग?"

"मग वीज चमकेल." चकती बसवली.

"मग?"

"पाऊस."

"मग?"

"गाई पळतील. आता डोंगर."

मी पान खायला गेलो की परत येईपर्यंत तीच चकती त्याच्या हातात. थकलेला नाही, वैतागलेला नाही. फक्त थांबलेला.

झांकी निघाली. पाऊस आधी, डोंगर नंतर. बाबूलालजींनी काकाला उचललंच. मी कचोरी आणली. काकाने हातात धरली. मी "खा" म्हटल्यावर खाल्ली.

आता माझं. मी एका जागी टिकत नाही. कॉलेज दोनदा सोडलं. महूला एका गॅरेजात होतो, तिथला मालक कार्बोरेटर सुंघून गाडीचा रोग सांगायचा, खरंच सांगतो... जाऊ दे. इंदूरच्याच लालबागच्या मेळ्यात मौत का कुआँ आला. त्या पोरांशी दोस्ती झाली. ते खंडव्याला निघाले. म्हटलं, आठ दिवस.

शेजारच्या वहिनींना सांगून गेलो, "डबा द्या, समोर बसून 'जेवा' म्हणा. बीपीच्या गोळीचं टेन्शन नका घेऊ. त्याला सगळं माहीत आहे."

त्याला सगळं माहीत आहे. हे मी म्हणालो. मी, ज्याने ते सगळं बघितलं होतं.

वहिनी तरी विचारायच्या. "काका, बीपीची गोळी?"

"हो, सकाळची. छोटी, पांढरी. चुकवायची नसते, डोक्यात नस फुटते."

एवढं नीट उत्तर. त्यांना वाटलं, घेतली.

सातव्या दिवशी दुसरा स्ट्रोक. मोठा. मी पोचलो तेव्हा संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, त्यामुळेच झालं असं सांगता येत नाही. ते चांगले आहेत.

घरी आलो. कपाटावर गोळ्यांचं पाकीट. मी गेल्यापासूनच्या सगळ्या गोळ्या जागेवर. शेजारी पाण्याचा पेला, काठोकाठ भरलेला. वर झाकण.

पाणी त्याने भरलं होतं.

श्रद्धांजलीचे ते लांबलचक शब्द मला लिहिता येत नाहीत, काका. झांकी अजून तुझ्याच दांड्यावर चालते, चकत्यांना कोणी हात लावत नाही. एवढं सांगायचं होतं.

आणि हे, जे त्या सात सकाळी कोणी विचारलं नाही.

पाणी भरलंस, काका. मग?

नमस्कार.