आपलं ठरल्याप्रमाणे

ज्याच्याशी तुमचं कधी बोलणंच झालेलं नाही, अशा माणसानं 'आपलं ठरल्याप्रमाणे' असं पत्र पाठवलं, तर तुम्ही आधी संशय कुणावर घ्याल? त्याच्यावर, की स्वतःवर?

तुम्ही स्वतःवर घ्याल, यावरच माझी नोकरी चालायची. धाराशिवात एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. एकाच मुहूर्ताला दोन लग्नं घेतली जाऊ नयेत म्हणून मंगल कार्यालयांच्या तारखा सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही विकायचो. अनोळखी कार्यालयवाल्यांना मेल लिहून गिऱ्हाईक करणं हे माझं काम.

ते काम मला पत्रकांमुळं मिळालं. आई अंगणवाडी सेविका. संघटनेची पत्रकं ती लिहायची आणि शुद्धलेखन मी बघायचे. मी वाचायला शिकले तेच मुळी मागण्यांच्या यादीवर. आईचा एक नियम होता. ज्या पत्रकाखाली नाव नाही, ते हातात घ्यायचं नाही. "नाव न टाकणारा भेकड आसतो, न्हायतर लबाड," ती म्हणायची.

पहिला महिना मी खरे मेल लिहिले. लांबलचक, तावातावानं लिहिलेले, खाली माझं नाव. एकही उघडला गेला नाही. मालक माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पुण्यातली नोकरी सोडून आलेला. त्यानं माझा एक मेल सगळ्यांसमोर भाषणासारखा हात हलवून वाचला आणि म्हणाला, "मोर्चा काढायलीस का गं? गिऱ्हाइकाला तारखा द्यायच्यात, मुक्ती न्हाय." सगळे हसले. मीही हसले.

मग मी शिकले. विषयाची ओळ चार शब्दांत. पहिलं वाक्य समोरच्याच्या कामाविषयी, आपल्या कंपनीविषयी नाही. मागणी एकच, आणि तीही लहान. तीन दिवसांनी एक आठवण. यात खोटं काही नव्हतं, आजही मी असंच लिहीन. पुढची पायरी मात्र मला कुणी शिकवली नाही, ती माझी मीच शोधली. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'आपलं ठरल्याप्रमाणे', आणि खाली एका बाईचं नाव टाकलं. अशी बाई आमच्याकडं नव्हतीच.

मेल धडाधड उघडले जाऊ लागले. उत्तरंही यायची, आणि बहुतेकांची सुरुवात माफीनं व्हायची. गडबडीत राहून गेलं मॅडम, लग्नसराई आहे, राग मानू नका. माफी मागणारा माणूस नाही म्हणत नाही, हे मी फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं. मालकानं त्या दिवशी सगळ्यांना भजी खिलवली.

एका दुपारी नळदुर्गकडचे एक म्हातारे गृहस्थ थेट ऑफिसात आले. हायवेला त्यांचं कार्यालय. एसटीनं आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाईल रुमालात गुंडाळून. तारखांची वही त्यांनी जन्मात ठेवली नव्हती. सगळं तोंडपाठ. कुणाचं लग्न कोणत्या साली झालं यावर दोन घरांत वाद झाला, तर लोक त्यांना विचारायला जायचे. हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली.

"त्या बाईसाहेब कुठं हायत?" त्यांनी विचारलं. "माफी मागायचीय. आमचं कायतरी ठरलेलं होतं म्हणं. माझ्या ध्यानातच न्हाय."

बाईसाहेब रजेवर आहेत, असं मालकानं सांगितलं आणि खुर्ची जवळ ओढली. "होतंय काका, वय हाय. त्याच्यासाठीच तर ह्ये बनवलंय."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. म्हातारे माझ्याकडं वळले. "माय, मी काय बोललो व्हतो त्यांच्याशी? सांगतीस का जरा?"

मी म्हणाले, "सॉफ्टवेअर बघायचं ठरलं होतं, काका."

"व्हय. आसंल."

सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं.

तीन आठवड्यांनी त्यांच्या तारखा भरून द्यायला मला नळदुर्गला पाठवलं. काउंटरवर त्यांचा मुलगा बसला होता. ती खुर्ची त्याला बरीच वर्षं हवी होती, बाप उठत नव्हता. आता बाप स्वतःच उठला होता आणि आत, सतरंज्यांच्या ढिगाजवळ बसला होता. मी त्यांना तारखा विचारल्या. त्यांनी अख्खा हंगाम सांगितला, न थांबता, नवऱ्या मुलाच्या गावासकट. मी पावत्यांशी ताडून पाहिलं. एकही चूक नव्हती. पण प्रत्येक तारखेनंतर ते म्हणायचे, "माझं काय खरं न्हाय, पोराला इचार."

चौथ्या-पाचव्या वेळी मला राहवलं नाही. मी सांगितलं, "काका, काहीच ठरलं नव्हतं. ते वाक्य मी लिहिलंय. ती बाईही नाही. तुम्ही काही विसरलेला नाहीत." मोबाईल काढून दाखवलं, हेच वाक्य किती जणांना गेलंय ते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोकायचं बी ठरलं आसंल की." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझं मन राखायलीस. चांगल्या घरची हायस."

काउंटरवरून मुलगा हसला. "ताई, चढवू नका त्यांना. आत्ता कुठं ऐकायलेत."

मी नोकरी सोडली. त्यानं म्हाताऱ्यांचं काही बदललं नाही. माझ्या जागेवर दुसरी मुलगी आली, आणि तेच वाक्य, त्याच नसलेल्या बाईच्या नावानं, आजही जातं. आईला मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, भेकड की लबाड. मी म्हणाले, दोन्ही.

म्हणून एक मागणी आहे, एकच आणि लहान. तुमच्या घरात मेल वाचणारं वयस्कर माणूस असेल, तर आज त्यांचा मोबाईल मागून घ्या. त्यात 'ठरल्याप्रमाणे' लिहिलेलं अनोळखी पत्र सापडलं, तर त्यांच्याशेजारी बसा आणि सांगा की काही ठरलं नव्हतं. पण आजच सांगा. उशीर झाला, तर ते तुमच्याही डोक्यावर हात ठेवतील.