पाच जणांची लाडकी, एकाची आई

फोनवर माझा आवाज ऐकून लोक अजून विचारतात, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?" मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर दर वर्षी बढती घेतो, पण गळ्याला यातलं कुणी काही कळवलंच नाही. तो सोळाव्या वर्षीच अडून बसला. लग्न ठरल्यावर ह्यांनी पहिल्यांदा आमच्या घरी फोन केला, तेव्हा "जरा ताईला बोलव ना" म्हणून माझीच किती विनवणी केली होती. मला ताई नाही. तरी मी मजा येते म्हणून बराच वेळ बोलत राहिले.

अशा गळ्याचं करायचं काय? मी डबिंग करते. परदेशी कार्टूनमधल्या माणसांच्या तोंडी आपली भाषा घालायची, हे आमचं काम. वर्षानुवर्षं मी ससे केले, बाहुल्या केल्या, रडकी पोरं केली, एकदा तर एका टूथब्रशची धाकटी बहीण केली. आणि मग गेल्या वर्षी, लोक व्याही शोधायला लागतात त्या वयात, मला हिरॉईन मिळाली.

मालिका जपानी. मुळात तो मोबाईलवरचा खेळ. एक साधीभोळी मुलगी संगीताच्या कॉलेजात येते आणि तिथली पाच देखणी पोरं एकदमच तिच्या प्रेमात पडतात. खेळात खेळणारीने पाचांतला एक निवडायचा आणि त्याच्याशी गोष्ट पुढे न्यायची. मालिका काढणाऱ्यांना मात्र कुठल्याच पोराच्या चाहत्या दुखवायच्या नव्हत्या. म्हणून आमची बया शेवटपर्यंत कुणाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. व्हायोलिनवाला तुसडा, पियानोवाला गर्विष्ठ, बासरीवाला सदा आजारी, ट्रम्पेटवाला नुसता बडबड्या. पाचवा चेलोवाला. चेलो म्हणजे मांडीशी धरून वाजवायचं ते थोरलं व्हायोलिन. कॉलेज संगीताचं असलं तरी रियाज करताना कुणी दिसत नाही, सगळे आपले गच्चीवर केस उडवत उभे.

बोलतात पोरंच. हिरॉईनला वाक्यं थोडी. तिचं खरं काम म्हणजे लाजणं. पोरगं जवळ आलं, लाज. छत्री धरली, लाज. नुसतं नाव घेतलं, तरी लाज. आमचा रेकॉर्डिस्ट, त्याला सगळे कानसेन म्हणतात, तो कागद बघून मला आधीच बजावायचा, "आज लाजणी जास्त आहेत, पाणी पिऊन बसा." अर्धा श्वास झटकन आत घ्यायचा, गळ्यापाशी धरायचा आणि जाता जाता त्याला हलकासा आवाज लागू द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, उचकी लागते.

त्यात रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, कारण माइक त्याची घरघर पकडतो. खोली कपाटाएवढी, चारी बाजूंनी स्पंज आणि माझं वय पाळी जाण्याचं. पडद्यावर ती प्रेमाने लाल व्हायची, आत मी अंगातून निघणाऱ्या वाफांनी. रंग दोघींचा एकच.

आमच्यात प्रत्येक जण एकेकटा रेकॉर्ड करतो. पोरांचे आवाज देणारे सकाळी येऊन जायचे, मी दुपारी यायचे. चेलोवाल्याचा आवाज देणारा माणूस मी आजतागायत पाहिलेला नाही. त्याचं पोट सुटलेलं असेल, तो वखवखून जेवत असेल, मला काय त्याचं? रोज दुपारी हेडफोन कानाला लावले की तो अगदी कानाशी म्हणायचा, "तू नसलीस की माझा सूर लागत नाही." घरी मला दिवसभरात जी वाक्यं ऐकू येतात त्यांत चार्जर कुठाय, टॉवेल कुठाय आणि पाणी गेलं का, यापलीकडे फारसं काही नसतं. त्यामुळे सांगायला लाज वाटते, पण स्टुडिओत जाताना मी साडी बदलायला लागले. ज्या खोलीत मला बघायला माइकशिवाय कुणी नाही, त्या खोलीत जाण्यासाठी.

मालिका चालली आणि दुसरा भाग येणार असं ठरलं. तेवढ्यात गळ्याने उशिरा का होईना वय मोजायला घेतलं. वरच्या पट्टीत गेलं की आवाज फाटायचा, गोणपाट टरकावल्यासारखा. मी खडीसाखर चघळली, वाफ घेतली, बोलणं बंद ठेवलं. घरात सगळे धास्तावले, मी इतकी गप्प म्हणजे कुणावर तरी भयंकर चिडलेय असं वाटून. आमच्या दिग्दर्शक मॅडम गोड बाई, पण कानाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या भागासाठी आपण परत चाचणी घेऊया हं. सगळ्यांचीच." सगळ्यांचीच म्हणजे माझीच, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. मला ती भूमिका हवी होती. पैशांसाठी नाही, नावासाठीही नाही. माझ्याशी कुणीतरी तसं बोलावं म्हणून हवी होती. झालं, सांगून टाकलं.

चाचणीला एक मुलगी आली होती, खरीखुरी एकोणीस वर्षांची. वाकून म्हणाली, "काकू, तुमचं काम मी लहानपणापासून ऐकते." तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडावर हसू ठेवलं, आवाजाची नटी ना मी. तिने वाचलं. चांगलं वाचलं, मेलीने. मी वाचलं आणि तिसऱ्याच ओळीला गोणपाट टरकलं.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला तेव्हाच कळलं. "तुम्हाला मी सोडणार नाहीये," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या भागात चेलोवाल्याची आई येते. भूमिका वजनदार आहे."

गेल्या वर्षी ज्याच्यासाठी साडी बदलत होते, त्याची आई. बढती म्हणतात ती हीच. मी मानेनेच हो म्हटलं, जिन्यात येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी जुना पंजाबी ड्रेस घालून कामावर गेले.

पहिलाच प्रसंग भांडणाचा. त्या पोरीपायी लेकाने चेलो सोडायचं ठरवलंय आणि आई त्याला फैलावर घेते. ती पोरगीही तिथेच दाराशी उभी, तिलाही ऐकवते. मी खालच्या आवाजात, दाबात सुरुवात केली. छान जमत होतं. कानसेनने काचेतून अंगठाही दाखवला. मग माझ्या वाक्यांच्या मध्ये लेकाचं वाक्य आलं, तोच आवाज, तसाच कानाशी: "तिच्याशिवाय माझा सूर लागत नाही."

आणि मी लाजले.

अर्धा श्वास, गळ्यापाशी धरलेला, जाता जाता हलकासा आवाज. वर्षभराची सवय, अंगात मुरलेली. पडद्यावर पांढऱ्या केसांची करारी बाई लेकाकडे डोळे वटारून बघतेय आणि तिच्या घशातून सोळा वर्षांचं लाजणं निघतंय. कानसेन पोट धरून खुर्चीवरून खाली गेला, काचेपलीकडे दिसेनासाच झाला. मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. "पुसून टाक रे बाबा," मी म्हणाले.

त्याने पुसलं नाही. वर आला, डोळे पुसले आणि तोच श्वास परत लावून ऐकला. मग मॅडमना बोलावून ऐकवला. दोघं काचेपलीकडे बराच वेळ कुजबुजत होते. नव्या मुलीची वाक्यं सुरेख होती, पण लाजायला सांगितलं की ती खिळ्यावर पाय पडल्यासारखी ओरडायची, हे मला तेव्हा कळलं. मॅडम आत आल्या आणि थोड्या संकोचाने म्हणाल्या, "तिची लाजणी तुम्ही द्याल? वाक्यं तिचीच राहतील. शेवटच्या नामावलीत मात्र तुमच्या नावापुढे आईच लिहावं लागेल."

लहानशा श्वासात आवाज फाटत नाही. मी दिली. सगळीच दिली. त्या भांडणाच्या प्रसंगात दाराशी उभ्या पोरीला फाडफाड बोलणारी मीच, आणि ते ऐकून श्वास रोखणारीही मीच. स्वतःलाच सुनावून स्वतःच दचकायचं, हे सुख फार बायकांच्या वाट्याला येत नसेल.

तो प्रसंग टीव्हीवर लागला त्या दिवशी मी घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. हिरॉईन गेली एवढंच त्यांना ठाऊक. हे पेपर घेऊन शेजारी बसले. हे गाडी शिकवतात, दिवसभर लोकांच्या चुकांवर ब्रेक मारून आल्यामुळे घरी फारसं बोलत नाहीत. चेलोवाल्याची आई बोलायला लागली तसे म्हणाले, "ही तू." मी हो म्हटलं. मग चेलोवाला ते वाक्य बोलला, दाराशी पोरीचा श्वास अडकला, आणि ह्यांनी पेपर खाली केला.

"ही पण तूच."

"काहीतरीच. ती नवी मुलगी आहे, एकोणीस वर्षांची."

"बोलते ती नवी असेल," हे म्हणाले. "तुला बघायला आलो होतो, तेव्हा तू पाणी घेऊन आलीस. मी तुझं नाव विचारलं आणि तू हेच केलंस. मी काय विसरेन होय?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि रिकाम्या पातेल्यावरचं झाकण काढून आत बघत उभी राहिले.