मागच्या दाराची वीट
नातीने लायब्ररीतून आणलेल्या जुन्या पुस्तकाचा कुबट वास आला आणि मला ग्लासगोतल्या बँकेतला माझा इंटरव्ह्यू आठवला. आधी तीन ठिकाणी नकार मिळाला होता आणि इथेही जमलं नाही तर गपचूप घरी बसेन, असं मी नवऱ्याला कबूल केलं होतं. तेव्हा मी इंग्रजी शिकत होते ती लायब्ररीतली अशीच जुनी, १९३०च्या मंदीतल्या अमेरिकन दरोडेखोरांवरची पुस्तकं वाचून! मॅनेजरने विचारलं, "फावल्या वेळात काय वाचता?" या शहाणीने ताठ मानेने सांगितलं, "बँका लुटणाऱ्यांच्या गोष्टी." त्याने पेन खाली ठेवलं. माझी नोकरी तिथेच गेली म्हणायची. मग तो हसू दाबत म्हणाला, "आमची बँक कशी लुटाल?" मी म्हटलं, "ते लोक आधी मागची वाट बघून ठेवायचे. तुमचं मागचं दार तर वीट लावून सताड उघडं ठेवलंय. मी रस्ता चुकले, म्हणून दिसलं." तो तडक उठला, दार लावून आला आणि म्हणाला, "सोमवारपासून या." आज नातीचा ब्रिस्टलला इंटरव्ह्यू आहे. "आजी, हॉबी काय सांगू गं?" विचारत होती. म्हटलं, "खरी असेल ती सांग. आणि आत शिरण्याआधी इमारतीला एक चक्कर मार."