दादाचं बंद मशीन

आमच्या ओळीत त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही प्लायवूडची. त्यामुळे त्याच्या पेशंटांचं दुखणं बऱ्याचदा त्याच्याआधी मला कळायचं. तीस वर्षं त्यानं हेच काम केलं. हल्ली मोठे डेस्कटॉप कमीच यायचे. तो सकाळी शटर वर करायचा, टेबल पुसायचा आणि बसून राहायचा. एकदा मी विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"कंटाळा यायलाही काहीतरी यावं लागतं हो, ताई," तो म्हणाला. हसला नाही.

त्याचा थोरला भाऊ याच शहरात राहायचा, बसनं वीस मिनिटांवर. पण दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. त्यांचे वडील दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते, त्या दुपारी डॉक्टर एका कचेरीच्या तळघरात बंद पडलेलं मशीन उघडून बसला होता. फोन पिशवीत, आवाज बंद. वर येऊन बघतो तर दादाचे सतरा फोन येऊन गेलेले. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात दादा एवढंच म्हणाला, "तू तुझी मशिनंच सांभाळ." यानं उत्तर दिलं नाही, त्यानं पुन्हा काही म्हटलं नाही. धड भांडणही झालं नाही, आणि नऊ वर्षं निघून गेली.

मग एका मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

"भावजी, यांचं मशीन सुरूच होत नाहीये. दोन दिवस त्याच्यासमोर बसून आहेत. ताटसुद्धा तिकडेच मागवतात, आणि ते आहे तसं परत येतं."

दादा शाळेत भाषा शिकवायचा आणि वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी करायचा. निवृत्त झाल्यावर कोडीच उरली. अडीच हजारांच्या वर कोडी त्या एका मशीनमध्ये होती, दुसरी प्रत कुठेच नव्हती. मशीन डॉक्टरनंच जुळवून दिलेलं, बोलणं होतं तेव्हा.

"दादा बोलेल माझ्याशी?"

"नाही बोलले तर मी मध्ये आहेच."

वहिनी हे गमतीनं म्हणाली नव्हती. डॉक्टर पोचला तेव्हा दादा खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं एक सोडून एक लागलेली. त्यानं मान वर केली आणि खिडकीकडे वळवली. डॉक्टरनं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळा तो काळाच.

"बंद पडायच्या आधी काय केलं, विचारा," डॉक्टर वहिनीला म्हणाला. दादा हातभर अंतरावर होता.

"त्याला सांग," दादा बायकोला म्हणाला, "मंद चालत होतं, म्हणून चालू करतानाच आतल्या सेटिंगमध्ये गेलो. मेमरीचा वेग वाढवला. आणि 'जुनी पद्धत' असं काहीतरी चालू होतं, ते बंद केलं. जुनं कशाला हवं म्हणून."

"ऐकलंत ना?" वहिनीनं विचारलं.

"ऐकलं. मेमरीला तो वेग झेपला नाही, म्हणून पडदाच लागत नाही. कोड्यांना काही झालेलं नसणार, सांगा त्यांना."

"ऐकलंत ना?" ती आता नवऱ्याकडे वळून म्हणाली.

डॉक्टरनं प्लग काढला, आत उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून बटण थोडा वेळ दाबून धरलं. बाजूचं झाकण उघडलं. आत नऊ वर्षांची धूळ बसली होती. ती ब्रशनं झाडून त्यानं मुख्य बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढली. ही बॅटरी काढून थोडं थांबलं, की असं मशीन केलेल्या सेटिंगा विसरतं आणि कारखान्यातून आलं तसं होतं.

"दहा मिनिटं थांबायचंय," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिघं थांबली. वहिनी आत जाऊन चहा घेऊन आली. कप ठेवल्याचा आवाज झाला, तेवढाच.

नवीन बॅटरी बसवून त्यानं मशीन चालू केलं. या वेळी पडद्यावर उजेड आला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली: चालू करता येईल अशी डिस्क सापडली नाही.

दादा उठून उभा राहिला. "गेलं?"

हा त्याचा नऊ वर्षांनंतरचा पहिला थेट शब्द. वहिनीनं डॉक्टरकडे पाहिलं, पण निरोप पोचवायला काही उरलं नव्हतं.

"गेलं नाही, दादा. डिस्क जागेवर आहे. ही डिस्क मी जुन्या पद्धतीनं भरली होती, आणि मशीन आता नव्या पद्धतीनं शोधतंय. तू बंद केलंस ते पुन्हा चालू करायचं, बस."

तो सेटिंगमध्ये गेला, जुनी पद्धत चालू केली, तारीख आणि वेळ बरोबर केली. मेमरीच्या वेगाला हात लावला नाही. मशीन कण्हत कण्हत सुरू झालं. दादानं पुढे वाकून एक कोडं उघडलं, मग दुसरं, मग एकदम कुठलंतरी हजाराच्या घरातलं. मग खाली बसला.

"आधी सगळ्याची प्रत काढतो," डॉक्टर म्हणाला आणि पिशवीतून दुसरी डिस्क काढून जोडली. पडद्यावर टक्के सरकू लागले. वहिनी कप घेऊन आत गेली.

"त्या दिवशी बाबांनी विचारलं होतं," दादा पडद्याकडे बघत म्हणाला. "धाकटा कुठे आहे म्हणून."

"काय सांगितलंस?"

"निघालाय म्हटलं."

"मी निघालो नव्हतो."

"ते मला माहीत होतं. त्यांना नव्हतं."

डॉक्टरनं हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पावसापाण्याची बातमी सांगावी त्या आवाजात. "मला वाटायचं ताई, असं काही कानावर पडलं तर छातीत काहीतरी हलेल. काही हललं नाही. मी टक्के बघत होतो. एकसष्ट. बासष्ट. दादाही तेच बघत होता."

"रडलाही नाहीत?"

"नाही. दोघं जेवायला थांब म्हणाली, थांबलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तीच रडली. मला तिचं आश्चर्य वाटलं."

त्यानंतर दुपारी मधूनच त्याचा फोन वाजू लागला आणि भिंतीपलीकडून मला अर्धं बोलणं ऐकू येऊ लागलं. "काय दिसतंय आता? मग 'नाही' म्हण. सेटिंगमध्ये जायचं नाही, दादा. नको म्हणजे नको." वडिलांचं नाव नाही, दवाखान्याचं नाही, मुलाबाळांचंसुद्धा नाही. बोलणं सगळं मशीनचं. एकदा मी म्हटलं, "आता मन हलकं झालं असेल." त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "आधी जड होतं की नाही, तेच मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

गेल्या शनिवारी एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्याकडे डोकावून गेले आणि पलीकडच्या दुकानात शिरले. हातात काही बिघडलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ते पाऊण तास बसले. मी मशीन बंद ठेवून कान दिला, खोटं कशाला बोलू. दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. शेवटी स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"येतो," एक आवाज म्हणाला.

"ये," दुसरा म्हणाला.